चालकाच्या बाजूचं दार

गाडीच्या छतातला दिवा
तीन दारांना ओळखतो, चौथ्याला नाही.
चौथं माझं. चालकाच्या बाजूचं.
इतकी वर्षं मी अंधारातच बसत आले,
किल्लीचं भोक बोटांनी चाचपत आले.
ताइस्तो म्हणायचा, जुनी गाडी आहे, राईली,
तिला थोडं विसरू दे.

आता तो नाही. गाडी आहे.
केमियार्वीत नोव्हेंबर आहे, तीनलाच दिवस मिटतो,
उणे अठरा, आणि माझे गुडघे बिजागरीसारखे.
परवा आसनाखाली पडलेला चष्मा शोधायला
मी काडी ओढली. पेट्रोलच्या गाडीत!
चष्मा मिळाला नाहीच. तेव्हा ठरवलं, बास.

योउनी फोनवर, तांपेरेहून:
आई, आधी फ्यूज बघ.
बघितला. धड आहे.
मग बल्ब.
अरे, बाकीच्या दारांना लागतोय की. बल्बला काय धाड भरलीय?
मग छतावरची कळ मधल्या खाचेत आहे ना?
आहे. मला काय खुळी समजतोस?
तो गप्प. बापाकडून एवढंच उचललंय त्याने.

राहिलं ते चौकटीतलं बटण.
करंगळीच्या पेराएवढं, रबराची टोपी घातलेलं.
दार मिटलं की ते दाबलं जातं, वाट तुटते.
दार उघडलं की ते बाहेर येतं,
आणि वायरमन ज्याला अर्थ म्हणतात
तो दिव्याला मिळतो.
माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला:
दाबून धरलं की अंधार,
सोडलं की उजेड.

आधी मागच्या दारावर हात बसवला.
एकच स्क्रू. मागे हिरवट गंज,
रस्त्यावरच्या बर्फात टाकतात त्या मिठाची करणी.
पॉलिश कागदाने घासलं, नखं काळी झाली.
तार आत निसटली तर गेली, योउनी म्हणाला,
चिमट्यात धर.

मग माझं दार.
स्क्रू फिरला, बटण हातात आलं,
एकटंच.
मागे तारच नाही.
वाटलं, गेली खांबाच्या पोटात.
जुना चष्मा नाकावर, टॉर्च दातांत धरून पाहिलं, तर
तिथेच होती, भोकाच्या काठाशी,
मासे धरायच्या दोरीने बांधलेली,
टोकाला काळी चिकटपट्टी, तीन वेढे,
आणि ती गाठ.
ती गाठ मी जन्मभर गळांवर पाहिली आहे.

बिघडलं नव्हतंच काही.
काढून ठेवलं होतं.

पलीकडून योउनी विचारत होता, काय झालं, काय सापडलं,
आणि मला तो दिसत होता सात महिन्यांचा,
पोटात कळा येऊन रात्रभर किंचाळणारा,
फक्त चालत्या गाडीत झोपणारा.
ताइस्तो गिरणीतून दोनला यायचा,
बूटही न काढता त्याला उचलायचा,
तळ्याभोवती फेऱ्या.
मी खिडकीत. इंजिन बंद व्हायचं,
मग बराच वेळ काहीच दिसायचं नाही,
आणि एकदम उंबऱ्यात हा, खांद्यावर पोर, गाढ.
कसं जमतं रे तुला? माझ्याकडे तर अंगणातच जागा होतो.
म्हणायचा, हात हलका लागतो.

हात हलका! लबाड.

पट्टी सोलली. खालचं पितळ
काल कापल्यासारखं पिवळंधमक,
चारांत तेवढंच निरोगी.
खोचलं. स्क्रू पिळला.
दिवा लागला, आणि गाडीने पदराआडचं सगळं दाखवलं:
बिस्किटांचा चुरा, एकच हातमोजा,
गिअरच्या फटीत उभा, शहाण्यासारखा, माझा चष्मा.

लागला का? योउनी.
लागला.
आणि दार लावल्यावर विझतोय? नाहीतर रात्रीत बॅटरी उतरेल.
ते आत बसल्याशिवाय कसं कळणार?

आत बसले. दार ओढून घेतलं.
आई? विझला का?
थांब जरा, म्हटलं,
बघतेय अजून.